उपहासाची तेवीस कार्डं

मुलांनो, मागच्या रविवारी धाकटीने फोनवर मला विचारलं की डिरिजन या शब्दाला मराठीत काय म्हणतात. मी लगेच 'उपहास' म्हणाले. तिने थँक्यू म्हटलं आणि फोन आईकडे दिला. तुमची आई हसत तिला म्हणाली, "आजीला त्या शब्दाचे तेवीस प्रकार येतात, विचार कधी तरी." त्या हसण्यावरून मला कळलं की तुम्हाला ती गोष्ट सांगून झाली आहे, आणि गमतीची म्हणून सांगितली आहे. मी ती तशी सांगितली नसती, म्हणून लिहायला बसले. दुसरं कारण असं की तुमची काकूआजी अजून खालच्या मजल्यावर आहे आणि तिची आठवण माझ्यापेक्षा पक्की आहे. मी काही खोटं लिहिलं तर ते सांगायला कुणी तरी आहे, तोवर लिहिलेलं बरं. तुम्हाला मराठी वाचायला जड जातं हे मला ठाऊक आहे. आई वाचून दाखवेल. वाचताना ती मध्येच थांबली तर तिला थांबू द्या.

नव्वदच्या दशकाच्या मधल्या वर्षांतली गोष्ट. हिमायतनगरच्या या घरात वर आम्ही आणि खाली माझे दीर-जाऊ राहत होतो. तुमचे आजोबा बँकेत होते. दिरांचं बेगम बाजारात भांड्यांचं दुकान होतं. आमच्या गल्लीत तेव्हा एकच विषय असायचा. कुणाचा मुलगा अमेरिकेला निघाला, कुणाच्या मुलीला कुठल्या युनिव्हर्सिटीचं पत्र आलं, मद्रासच्या व्हिसाच्या रांगेत कोण पहाटेपासून उभं राहिलं आणि त्याला आत काय विचारलं. संध्याकाळी भाजी घ्यायला खाली उतरलं तरी ही सगळी माहिती पिशवीत घेऊनच वर यायचं. तुमची आई इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती आणि तिला जायचं होतं. त्यासाठी एक परीक्षा होती. गणिताचं तिला काही नव्हतं, पण इंग्रजी शब्दांचं फार होतं. शेकडो शब्द, आणि एकाच अर्थाचे दहा-दहा.

इंग्रजी हे या घरात एकट्या माझं होतं. मी एम.ए. होते, आठ वर्षं शाळेत शिकवलं होतं. तुमच्या आईच्या जन्मानंतर नोकरी सोडली आणि त्याबद्दल कधी तक्रार केली नाही, पण मनात एक ठेव ठेवून दिली होती की हिच्या वेळेला हे उपयोगी येईल. मला ती परीक्षेत पास व्हायला हवी होती, आणि ती माझ्या हातून पास व्हायला हवी होती. हे दुसरं मी तेव्हा कुणाला बोलून दाखवलं नव्हतं.

जाऊ, म्हणजे तुमची काकूआजी, माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. नांदेडकडच्या खेड्यातली, मराठी शाळेतून चौथी झालेली. तिला नकला यायच्या. सासूबाई देवाला फुलं वाहता वाहता सुनांवर नजर कशी ठेवायच्या, दुकानातला नोकर गिऱ्हाईक गेल्यावर पाठीमागून तोंड कसं करायचा, हे ती बसल्या जागी करून दाखवायची. तुमचे आजोबा घरात फारसे हसत नसत. खाली जेवायला गेले की हसत. वर आल्यावर पुन्हा वर्तमानपत्र.

तर माझी पद्धत. कोठीच्या पुस्तकबाजारातल्या फुटपाथवरून मी शब्दांच्या याद्यांची जुनी पुस्तकं आणली. ती सगळी एबीसीडीच्या क्रमाने होती, आणि तो क्रम मला निरुपयोगी वाटायचा. माणसाच्या डोक्यात शब्द अर्थाने राहतात. मी अर्थाचे गट केले आणि प्रत्येक शब्दाचं एक कार्ड. कार्डांसाठी लग्नपत्रिका कापल्या. आपल्या घरात उरलेल्या पत्रिका कुणी फेकत नाही, कपाटात गठ्ठे असतात. जाड कागद, एका बाजूला छपाई, दुसरी बाजू कोरी. पट्टी धरून मधोमध कापलं की एका पत्रिकेची दोन कार्डं. वर शब्द, खाली अर्थ, त्याखाली मराठी, आणि कोपऱ्यात लाल शाईत आकडा. आकडा म्हणजे शब्दाची धार. एक म्हणजे सौम्य.

सगळ्यात मोठा गट हसण्याचा निघाला, म्हणजे दुसऱ्याला हसण्याचा. तेवीस शब्द. मला तो गट करताना मजा आली हे लपवत नाही. बॅन्टर म्हणजे दोघांनी एकमेकांची केलेली थट्टा, त्यात कुणी दुखावत नाही. त्याला मी एक दिला. टीझ म्हणजे चिडवणं. मॉक म्हणजे वेडावणं, त्याच्यासारखं करून त्यालाच दाखवणं. टॉन्ट म्हणजे टोमणा, तो समोरच्याला लागावा म्हणूनच मारतात. जीअर म्हणजे हुर्यो, त्याला चार माणसं लागतात. स्कॉफ म्हणजे ऐकल्या-न ऐकल्यासारखं करून धुडकावणं. स्नीअर ओठाने आणि नाकाने होतो, त्याला शब्दही लागत नाही. मराठीही कमी नाही. थट्टा, मस्करी, चेष्टा इथवर घरातलं. टिंगल आणि टवाळी रिकामटेकड्यांची. खिल्ली उडवतात, टर उडवतात, ते बहुधा पाठीमागे. हिणवणं तोंडावर. हेटाळणीत हसू कमी आणि कमी लेखणं जास्त. आणि डिरिजन सगळ्यांच्या वर, आकडा दहा. मी कार्डावर लिहिलं होतं: हसणं आणि तुच्छता यांचं मिश्रण, हसणारा उंचावर उभा असतो.

तुमच्या आईला बाकीचे गट यायचे, हा यायचा नाही. रोज दुपारी मी कार्ड धरायची, ती चुकायची. स्कॉफला स्नीअर सांगायची, जीअरला टॉन्ट. मी आकडे दाखवायची. ती म्हणायची, "आई, आकडे पाठ होतात, शब्द नाही होत." मी म्हणायची पुन्हा करू. एकदा ती उठून गेली आणि कार्डांचा गठ्ठा घेऊन गेली. मला बरं वाटलं. वाटलं, गच्चीवर बसून करेल.

तीन दिवसांनी तिने तेवीसच्या तेवीस शब्द बरोबर सांगितले. नुसतं बरोबर नाही, प्रत्येक शब्द सांगताना तिच्या चेहऱ्यावर काही तरी व्हायचं, नाक हलायचं, मान तिरकी व्हायची. मी विचारलं, कसं काय? ती म्हणाली, काकूने करून दाखवलं.

मी दुसऱ्या दिवशी दुपारी जिन्यात उभी राहिले. तिथून खालच्या स्वयंपाकघराचं दार दिसतं. ऐकायला उभी राहिले असं सरळच सांगते. जाऊ तुरीची डाळ निवडत बसली होती. तुमची आई तिच्या समोर मांडी घालून, कार्ड डोळ्यांसमोर धरून मराठी अर्थ वाचत होती. जाऊ ऐकायची, डाळीत बोट फिरवायची आणि म्हणायची, हां, म्हणजे आपल्या समोरची. समोरच्या बाई कुणाची नवी साडी बघितली की "छान आहे" म्हणताना एक नाकपुडी वर चढवायच्या. जाऊने ती नाकपुडी चढवली. स्नीअर झाला. स्कॉफ म्हणजे आमचे चुलतसासरे, कुणी नवा धंदा काढतो म्हटलं की "हो का" म्हणून पान तोंडात टाकणारे. जीअर म्हणजे सिनेमाची रीळ तुटल्यावरची पुढची रांग. तिला इंग्रजी अक्षर येत नव्हतं, पण दोन शब्दांमधला फरक तिला माझ्यापेक्षा लवकर कळत होता. मी आकड्यांनी जे केलं ते ती माणसांनी करत होती. आणि तुमची आई हसत होती. पोट धरून, डाळीच्या ताटावर वाकून. माझ्यासमोर ती कधी तशी हसली नव्हती. मी जिन्याचा कठडा धरून आठवत होते, एकदा तरी हसली होती का. नव्हती.

मग डिरिजनचं कार्ड आलं. तुमच्या आईने अर्थ वाचला. मी वाट बघत होते की आता कोण येणार. जाऊने डाळीतला खडा काढून बाजूला ठेवला.

"हे ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "हे करून काय दाखवायचं? तू रोज ऐकायलीस की."

तुमच्या आईने ते कार्ड खाली ठेवलं. पुढचं कार्ड घेतलं.

मी वर आले. जाऊ बोलताना एखादा इंग्रजी शब्द वापरायची, तेव्हा मी तो शब्द पुन्हा एकदा, नीट, सावकाश उच्चारायची. तिच्याकडे न बघता. वर्षानुवर्षं. मला ते शिक्षिकेचं वळण वाटायचं. त्या दुपारी मी कबूल केलं नाही. त्या दुपारी मला फक्त राग आला, आणि त्याहून जास्त हेवा वाटला. माझे शब्द, माझी कार्डं, माझी मुलगी, आणि ती तिघं खाली.

चैत्रातलं हळदीकुंकू आमच्याकडे वर असायचं. परीक्षेला तीन आठवडे होते. दहा-बारा बायका आल्या होत्या, गल्लीतल्या, नारायणगुड्याच्या. जाऊ नेहमीप्रमाणे कामाला उभी होती, आंब्याची डाळ द्रोणात भरत होती. तुमची आई पन्ह्याचे पेले फिरवत होती. एक बाई, त्यांचा मुलगाही त्याच परीक्षेला बसणार होता, मला म्हणाल्या की तुमची लेक सांगत होती, इंग्रजी शब्द खालच्या काकूंनी पक्के करून घेतले. आमच्या मुलालाही पाठवू का त्यांच्याकडे?

तुम्ही शिकवाल का, असं त्यांनी मला विचारलं नाही. माझ्यासमोर, माझ्या घरात, इंग्रजीसाठी तिचं नाव घेतलं.

मी म्हणाले, "पाठवा की. शिकवणी अमेरिकेची आणि मास्तरीण चौथी पास. फक्त शब्द तेवढा कुणी तरी वाचून दाखवावा लागतो तिला."

बायका हसल्या. जाऊही हसली. तिथे थांबले असते तर ती थट्टा ठरली असती, फार तर टोमणा. मी थांबले नाही. शेल्फवरचा कार्डांचा डबा काढला, त्या गटाचं पहिलं कार्ड उचललं आणि तिच्यापुढे धरलं.

"वाच ना गं," मी म्हणाले. "सगळ्यांना ऐकू दे."

हसू कमी झालं. जाऊने हात पदराला पुसले, कार्ड घेतलं. इंग्रजी बाजूकडे तिने बघितलंसुद्धा नाही. कार्ड उलटं केलं आणि छापलेली बाजू वाचायला लागली, शाळेत धडा वाचतात तशी, स्पष्ट. आमचे येथे श्रीकृपेकरून आमचे कनिष्ठ चिरंजीव, मग दिरांचं नाव, मग तिच्या वडिलांचं, मग तिचं माहेरचं नाव, यांचा शुभविवाह. माझी कात्री जिथे चालली होती तिथे ती थांबली.

"एवढंच आहे," ती म्हणाली. "माझ्या लग्नाची पत्रिका. अक्कांनी इतकी वर्षं सांभाळून ठेवलीय."

बायकांना ते फार आवडलं. एकीने कार्ड हातात घेऊन बघितलं, छपाई जुन्या वळणाची आहे म्हणाली. दुसरी म्हणाली, जावा असाव्यात तर अशा. माझी लाज तिने सगळ्यांसमोर झाकली, आणि तीही इतक्या सहज की कुणाला झाकलेलं दिसलं नाही. मला त्या क्षणीसुद्धा तिचा हेवाच वाटला. मला हे सुचलं नसतं.

तुमच्या आईला दिसलं. त्या पत्रिकेच्या मागे दुसऱ्याला हसण्याचेच शब्द लिहिले आहेत हे पाहुण्या बायकांना ठाऊक नव्हतं, तिला होतं. तिने पन्ह्याचा ट्रे टेबलावर ठेवला आणि ती खाली निघून गेली.

आता कबुली. कपाटात पत्रिकांचे पाच-सहा गठ्ठे होते. नणंदेच्या लग्नाचा होता, चुलत दिरांचा होता, माझ्या स्वतःच्या लग्नाचा होता, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला. जावेच्या लग्नाच्या बारा पत्रिका उरल्या होत्या. उपहासाच्या गटासाठी मी त्या बारा काढल्या. कागद जाड होता, बारा पत्रिकांची चोवीस कार्डं होणार होती आणि शब्द तेवीस होते. हिशेब बरोबर बसत होता. हे सगळं खरं आहे. पण तो गठ्ठा उचलताना वरचं नाव मी वाचलं होतं, हेही खरं आहे.

संध्याकाळी तुमची आई वर आली आणि तिची पुस्तकं गोळा करायला लागली. मी विचारलं, कुठे निघालीस? परीक्षेपर्यंत खाली राहते म्हणाली. मी म्हणाले की अभ्यास तर माझ्याकडे आहे, कार्डं माझ्याकडे आहेत. ती पुस्तकं पिशवीत भरत राहिली.

"मी पास व्हावं असं तुला वाटत नव्हतं, आई," ती म्हणाली. "मी तुझ्यामुळे पास व्हावं असं वाटत होतं."

तीन आठवडे ती खाली राहिली. मी डबा जिन्याच्या वरच्या पायरीवर ठेवून द्यायची, रोज एक गट, क्रमाने लावून. ती तो न्यायची आणि संध्याकाळी परत ठेवायची. आमचं बोलणं तेवढंच. खालून हसणं ऐकू येत नव्हतं. तुमचे आजोबा एकदा म्हणाले की खाली दोघी गप्प बसून वाचतात, तुझ्यासारख्याच. ते त्यांनी माझं समाधान व्हावं म्हणून सांगितलं असेल. मला झालं नाही.

ती पास झाली, चांगल्या मार्कांनी. पत्र आलं, मद्रासला जाऊन व्हिसा झाला. ऑगस्टमध्ये आम्ही सगळे विमानतळावर गेलो. रीत म्हणून ती आधी माझ्या पाया पडली, मी थोरली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि पासपोर्ट वेगळ्या कप्प्यात ठेव म्हणाले. मग ती काकूच्या पाया पडली, आणि उठून तिच्या गळ्यात पडली, आणि म्हणाली, "काकू, एकदा ती समोरची कर ना." जाऊने तिथे, त्या गर्दीत, डोळे पुसता पुसता एक नाकपुडी वर चढवली. तुमची आई रडता रडता हसली. मी तिची हँडबॅग धरून उभी होते. ती आत गेल्यावर लक्षात आलं की बॅग तिला द्यायची राहिली असती, तर ती परत आली असती. पण मी ती वेळेवर दिली होती.

आठ-दहा दिवसांनी मी खाली गेले. घरात कुणी नव्हतं, जाऊ एकटीच होती. मी तो तेवीस कार्डांचा गठ्ठा नेला होता. काय म्हणायचं ते जिन्यात ठरवलं होतं, पण खाली गेल्यावर ते इंग्रजीत ठरवल्यासारखं वाटायला लागलं. मी एवढंच म्हणाले की पत्रिका मी कापायला नको होत्या. मला वाटलं होतं, तुझ्या लक्षात येणार नाही.

"पहिल्याच दिवशी आलं होतं, अक्का," ती म्हणाली. "पोरगी कार्ड तोंडापुढं धरायची. समोर बसलं की मला मागचीच बाजू दिसायची. मला वाचता येण्यासारखी तेवढीच."

म्हणजे ते सगळे दिवस ती तुमच्या आईला हसवत होती, तेव्हा स्वतःचं नाव अर्धं कापलेलं बघत होती. मी विचारलं, मग बोलली का नाहीस? ती म्हणाली, बोलले असते तर पोरगी उठून गेली असती, आणि तिची परीक्षा होती.

मग तिने विचारलं की तुमच्याकडे एखादी पूर्ण पत्रिका उरली आहे का. तिच्याकडे एकही नव्हती. माहेरच्या पेटीत एक होती, तिला वाळवी लागली. मी सांगितलं की नाही, बारापैकी बारा कापल्या. तिने चटई अंथरली. आम्ही दोघी खाली बसलो आणि सगळी कार्डं छापील बाजू वर करून मांडली, एकीकडे वरचे तुकडे, एकीकडे खालचे. पट्टी धरून कापलं होतं तरी प्रत्येक काप थोडा वेगळा होता. वरच्या ओळीतल्या वेलांटीचं टोक खालच्या तुकड्यावर गेलेलं, असं शोधत शोधत एक जोडी नेमकी बसली. जाऊने मागून खळ लावून कागदाची पट्टी चिकटवली. पट्टी लावताना तिने विचारलं, मागं काय लिहिलंय? मी सांगितलं, एकीवर उपहास आहे, दुसरीवर थट्टा.

"असू द्या," ती म्हणाली.

त्या दिवशी तिने मला चहा केला. आमच्यात फार काही बदललं असं म्हणणार नाही. तिने इंग्रजी शब्द वापरला की माझे ओठ अजून हलतात, मी ते मिटून घेते. कधी कधी तिला दिसतं आणि ती मुद्दाम आणखी एक शब्द वापरते. तुमची आई दर रविवारी फोन करते तो आधी खाली करते. मला ते ऐकू येतं, कारण खाली फोन वाजल्यावर वीस मिनिटांनी वर वाजतो. त्या वीस मिनिटांत मी काही करत नाही.

बाकीची कार्डं पुढे कॉम्प्युटर आल्यावर रद्दीत गेली, डबाही गेला. ती एक पत्रिका तेवढी अजून आहे. ती खालच्या मजल्यावर तिच्या कपाटात आहे, आणि तुमची आई इथे आली की आधी खाली जाऊन ती बघते.